वस्तूकडे न पाहता वस्तूचे चित्र!

छायाचित्र काढायला काय काय लागते असे विचारले, तर तुम्ही चटकन सांगाल: एक वस्तू, तिच्यावर पडणारा प्रकाश, एक भिंग आणि भिंगामागे प्रतिमा टिपणारा पडदा. पूर्वी हा पडदा म्हणजे चांदीच्या क्षारांचा लेप दिलेली फिल्म असे. आता त्या जागी लाखो सूक्ष्म प्रकाशसंवेदी घरे असलेली सिलिकॉनची चकती असते. मूळ कल्पना मात्र तीच राहिली आहे. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेला प्रकाश पडद्यावरच्या ठरावीक बिंदूवर पोचला पाहिजे. कोणता प्रकाश कोठून आला हेच पडद्याला कळले नाही, तर चित्र उमटणार कसे?

आता असा एक कॅमेरा कल्पनेने डोळ्यांपुढे आणा, की ज्यात वस्तूवरून आलेला प्रकाश पकडायला लाखो घरांऐवजी एकच घर आहे. हे घर एवढेच सांगते: 'इतका प्रकाश आला.' तो वस्तूच्या डोक्याकडून आला की पायाकडून, याचा त्याला पत्ता नाही. अंगणात ठेवलेली बादली जशी पावसाचे पाणी गोळा करते, पण कोणता थेंब कोणत्या ढगातून आला हे सांगत नाही, तसाच हा प्रकार. म्हणून शास्त्रज्ञ अशा शोधकाला 'बादली' असेच म्हणतात. गंमत अशी, की या बादलीच्या साहाय्यानेही वस्तूचे चित्र मिळवता येते! या पद्धतीला 'घोस्ट इमेजिंग' म्हणतात. आपण तिला भूतचित्रण म्हणू. भुताखेतांशी तिचा काही संबंध नाही. ज्या प्रकाशाने चित्र तयार होते तो प्रकाश वस्तूला शिवलेलाच नसतो, म्हणून हे नाव पडले.

या लेखात आपण दोन गोष्टी समजून घेऊ. एक, हे चित्र मिळते कसे. आणि दुसरी, प्रकाश फारच थोडा असला, अगदी एकेक कण मोजावा लागला, तर हे चित्र स्वच्छ कसे करायचे.

चार खिडक्या आणि सहा मोजण्या

एका पुठ्ठ्याला ओळीने चार खिडक्या आहेत असे समजा. त्यांतल्या काही उघड्या आणि काही बंद आहेत. कोणत्या, ते आपल्याला ठाऊक नाही. पुठ्ठ्याच्या मागे बादली-शोधक आहे. पुढून आपण एका वेळी दोनच खिडक्यांवर प्रकाश टाकायचा. चारांतून दोन निवडण्याचे सहा प्रकार होतात: १-२, १-३, १-४, २-३, २-४ आणि ३-४. उघड्या खिडकीतून आलेला प्रकाश १ एकक माना.

समजा, सहा वेळा बादलीत आलेला प्रकाश असा: १, १, २, ०, १, १. या सहा आकड्यांची सरासरी १. प्रत्येक आकड्यातून सरासरी वजा केली, की उरतात: ०, ०, +१, −१, ०, ०.

आता पहिली खिडकी घ्या. तिच्यावर प्रकाश पडला तो १-२, १-३ आणि १-४ या वेळी. त्या तीन वेळचे फरक मिळवा: ० + ० + १ = +१. दुसऱ्या खिडकीसाठी १-२, २-३ आणि २-४: ० − १ + ० = −१. तिसरीसाठी १-३, २-३ आणि ३-४: ० − १ + ० = −१. चौथीसाठी १-४, २-४ आणि ३-४: १ + ० + ० = +१.

चित्र तयार झाले! पहिली आणि चौथी खिडकी उघडी, मधल्या दोन बंद. बादलीने 'कोठून' हे एकदाही सांगितले नव्हते. ती माहिती आपण टाकलेल्या प्रकाशाच्या नक्षीत होती. 'कोठे' हे नक्षीने सांगितले, 'किती' हे बादलीने सांगितले, आणि दोघांच्या नोंदी ताडून पाहिल्यावर चित्र मिळाले. या ताडून पाहण्याला गणितात सहसंबंध म्हणतात. भूतचित्रणाचे सारे मर्म त्या एका शब्दात आहे.

सरासरी वजा करण्याला येथे फार महत्त्व आहे. ती वजा केली नाही, तर चारही खिडक्यांची बेरीज धन येते आणि उघड्या-बंदमधला फरक त्या ढिगाऱ्यात दबून जातो. दिवा मध्येच मंद किंवा तेज होत असेल, तर प्रत्येक वेळी टाकलेला एकूण प्रकाशही मोजून ठेवावा लागतो आणि बादलीचा आकडा त्याच्याशी ताडून घ्यावा लागतो. २०१० साली मांडलेल्या 'भेददर्शी' भूतचित्रणाचा गाभा हाच आहे. चार खिडक्यांच्या जागी ६४ खिडक्यांची चौकट घेतली, तर तिच्यात वारली चित्रातला माणूस, म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण आणि वर डोक्याचा ठिपका, ओळखू येण्याइतका उमटेल.

प्रकाशाचे दाणे

वरच्या उदाहरणात बादलीत नेमका १ किंवा २ एकक प्रकाश आला. प्रत्यक्षात निसर्ग इतका सरळ नसतो. प्रकाश अखंड धारेने येत नाही, दाण्यादाण्याने येतो. हे दाणे म्हणजे फोटॉन. तांबड्या प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे ३ × १०⁻¹⁹ ज्यूल, म्हणजे इतकी थोडी की एका वॉटचा अब्जावा भाग एवढ्या क्षीण तांबड्या प्रकाशातही दर सेकंदाला सुमारे ३०० कोटी फोटॉन असतात. रोजच्या व्यवहारात म्हणूनच प्रकाश आपल्याला अखंड वाटतो. डोंगराएवढ्या तांदळात एकेक दाणा कोण मोजतो?

पण दाणे थोडे असले की ते मोजावेच लागतात. त्यासाठी दोन प्रकारची साधने विशेष प्रचलित आहेत. पहिले, प्रकाशगुणक नळी. फोटॉन एका लेपावर आदळून एक इलेक्ट्रॉन बाहेर काढतो. हा तुमच्या पुस्तकातला प्रकाशविद्युत परिणाम. तो इलेक्ट्रॉन विद्युतदाबाने पुढच्या पट्टीवर आपटतो आणि तेथून समजा चार इलेक्ट्रॉन निघतात. अशा दहा पट्ट्या असल्या, तर एकाचे ४¹⁰, म्हणजे दहा लाखांहून अधिक इलेक्ट्रॉन होतात. एवढा ठोका यंत्राला सहज मोजता येतो. दुसरे साधन सिलिकॉनचा डायोड. त्याच्यावर उलट दिशेने इतका दाब ठेवतात, की एक इलेक्ट्रॉन सुटताच दरड कोसळावी तसा इलेक्ट्रॉनांचा लोट यावा. तो लोट लगेच थांबवून डायोड पुन्हा सज्ज करतात. गायगर नळीचे तत्त्व तुम्हांला ठाऊक असेल, तर हा तिचा धाकटा भाऊ समजा.

दोन्ही साधनांत एक खोड आहे. पूर्ण अंधारातही ती मधूनमधून टिकटिक करतात, कारण उष्णतेमुळे एखादा इलेक्ट्रॉन आपोआप सुटतो. फोटॉनने केलेली टिक आणि उष्णतेने केलेली टिक यांत फरक काहीच दिसत नाही. या खोट्या टिकांना आपण काळोखी टिका म्हणू. साधन थंड केले की त्या कमी होतात, पण शून्य होत नाहीत.

पत्र्यावरचे थेंब आणि वर्गमूळ

दुसरी अडचण याहून मूलभूत आहे. मृगाच्या पहिल्या पावसात पत्र्याच्या छपरावर पडणारे थेंब मोजून पाहा. पाऊस एकसारखा असला, तरी दर सेकंदाचा आकडा सारखा येणार नाही. सरासरी ९ थेंब असतील, तर कधी ६, कधी ११, कधी ९. फोटॉनही असेच बेभरवशाने येतात. त्यांचा नियम असा: सरासरी N कण मोजले, तर आकड्यातली चढउतार सुमारे √N असते. १०० मोजले, तर चूक सुमारे १०, म्हणजे शेकडा १०. दहा हजार मोजले, तर चूक सुमारे १००, म्हणजे शेकडा १. चूक दहापट कमी करायची, तर मोजणी शंभरपट करावी लागते. यंत्र कितीही भारी घेतले, तरी साध्या प्रकाशातली ही चढउतार जात नाही. ती प्रकाशाच्या दाणेदारपणातच आहे.

हा नियम आमच्या बोईसरकरांच्या अगदी जवळचा आहे. येथून जवळच तारापूरला भारतातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. अशा केंद्राच्या परिसरातली मासळी, दूध, पाणी, माती यांचे नमुने पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळेत तपासले जातात. नमुन्यातून निघणारे गॅमा किरणांचे फोटॉनही असेच एकेक करून मोजतात. तेथेही नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे होणारी टिकटिक सतत चालू असते. केवळ समजण्यासाठी आकडे घेऊ. रिकाम्या साधनाने ठरावीक वेळात ९०० टिका दिल्या आणि नमुना ठेवल्यावर ९६० दिल्या. नमुन्यात किरणोत्सर्ग आहे म्हणायचा का? फरक ६०. पण या फरकातली चूक √(९६० + ९००), म्हणजे सुमारे ४३. साठात त्रेचाळीसची चूक! यावरून 'आहे' असे ठामपणे सांगता येत नाही आणि 'नाही' असेही नाही. आता शंभरपट वेळ मोजा. समजा ९०,००० आणि ९६,००० टिका आल्या. फरक ६,०००, चूक सुमारे ४३१. आता मात्र 'आहे' असे निःशंक म्हणता येते. ज्या गावाचे पोट मासळीवर आहे, त्या गावाला हे उत्तर वर्गमूळ समजणाऱ्या माणसाकडूनच मिळायला हवे.

भूतचित्रणातही प्रत्येक खिडकीपुढे हाच प्रश्न असतो: येथे खरोखर प्रकाश आहे, की ही नुसती चढउतार आहे? चित्राचा दर्जा सुधारणे म्हणजे या प्रश्नाचे उत्तर कमीत कमी फोटॉन खर्चून देणे.

जुळे फोटॉन आणि जोडीची टोकने

पहिली युक्ती जुळ्यांची. काही विशिष्ट स्फटिकांत लेसरचा एक फोटॉन शिरला, की क्वचित त्याचे दोन फोटॉन होतात. दोघांची मिळून ऊर्जा मूळच्या एवढीच असते. दोघे एकाच क्षणी जन्मतात आणि एक कोठे आहे यावरून दुसरा कोठे असेल हे सांगता येते. १९९५ साली अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेत पिटमन, शी, स्ट्रेकालॉव्ह आणि सर्गिएन्को यांनी अशा जुळ्यांपैकी एका फोटॉनाला अक्षरे कोरलेल्या झडपेतून बादलीकडे पाठवले. दुसरा फोटॉन झडपेच्या वाटेला गेलाच नाही. त्याची जागा मात्र मोजली. दोन्ही शोधक एकाच वेळी वाजले, तेवढ्याच नोंदी ठेवल्या, आणि झडपेवरची अक्षरे झडप न पाहिलेल्या फोटॉनांच्या नोंदींतून उमटली.

'एकाच वेळी वाजले तरच मोजा' या अटीचा थोड्या प्रकाशात केवढा उपयोग होतो, ते आकड्यांनी पाहू. देवळाबाहेर चपला ठेवताना एकाच क्रमांकाची दोन टोकने असतात, एक चपलेला आणि एक आपल्याला. जोडी जुळली तरच चप्पल मिळते. येथे फोटॉनाच्या जन्माची वेळ हा टोकनाचा क्रमांक. काळोखी टिकेला जोडीदार नसतो.

समजा, दर सेकंदाला फोटॉनांच्या १० जोड्या येतात. प्रत्येक शोधक आलेल्यांपैकी निम्मे फोटॉन टिपतो आणि शिवाय दर सेकंदाला १,००० काळोखी टिका देतो. एकट्या शोधकाने १०० सेकंदांत खऱ्या टिका ५०० आणि खोट्या एक लाख मोजल्या. एकूण आकड्यातली चढउतार √१,००,५००, म्हणजे सुमारे ३१७. पाचशेच्या खऱ्या आकड्यावर ३१७ ची चूक!

आता दोन्ही शोधक ५ नॅनोसेकंदांच्या आत वाजले तरच मोजायचे. खरी जोडी दोन्हीकडे टिपली जाण्याची शक्यता निम्म्याची निम्मी, म्हणजे पाव. म्हणून सेकंदाला २.५ आणि १०० सेकंदांत २५० खऱ्या नोंदी. खोट्या टिका योगायोगाने जुळण्याचे प्रमाण दोन्ही दरांचा आणि त्या अवधीचा गुणाकार: १,००० × १,००० × ५ × १०⁻⁹ = ०.००५ दर सेकंदाला, म्हणजे १०० सेकंदांत अर्धी नोंद. हाती आले २५०, त्यातली चूक सुमारे १६. खऱ्या फोटॉनांपैकी निम्मे आपण गमावले, पण जे राहिले ते जवळजवळ सगळे खरे आहेत. चूक शेकडा ६३ वरून शेकडा ६ वर आली!

ही जोडी जुळवण्याची कल्पना नवी नाही. बोथे आणि गायगर यांनी १९२५ साली कणांच्या मोजणीत ती वापरली आणि त्या पद्धतीसाठी बोथे यांना १९५४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडेही तिचा उपयोग मोठ्या प्रमाणावर होतो. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने लडाखमधल्या हानले येथे सुमारे ४,२७० मीटर उंचीवर उभारलेल्या 'मेस' दुर्बिणीचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. तिच्या आरशाचा व्यास २१ मीटर असून कॅमेऱ्यात १,०८८ प्रकाशगुणक नळ्या आहेत. आकाशातून आलेला गॅमा किरण वातावरणात शिरला, की काही नॅनोसेकंद टिकणारी निळसर चमक होते. रात्रीच्या आकाशाच्या उजेडात ती हरवू नये, म्हणून शेजारशेजारच्या नळ्या एकाच वेळी वाजल्या तरच तो प्रसंग टिपला जातो. तेथे चित्र भूतचित्रणाने काढत नाहीत, पण थोड्या प्रकाशातून खरे फोटॉन निवडण्याची रीत हीच आहे.

जुळे नसतील तर?

पुष्कळ दिवस असा समज होता, की भूतचित्रणाला पुंजयामिकीतले जुळे फोटॉन लागतातच. २००२ साली रॉचेस्टरच्या बेनिंक, बेंटली आणि बॉइड यांनी साध्या लेसरचे दोन किरण एकाच वेळी एकाच दिशेने वळवून असे चित्र मिळवून दाखवले. पुढे लुकलुकणाऱ्या साध्या प्रकाशानेही ते जमले. साध्या प्रकाशाच्या लुकलुकीत सहसंबंध दडलेले असतात, हे हॅनबरी ब्राउन आणि ट्विस यांनी १९५६ सालीच दाखवले होते. त्यावरून त्यांनी व्याध ताऱ्याचा कोनीय व्यास मोजला. २००८ साली शापिरो यांनी सुचवले, की दुसरा किरणही नको. आपण टाकलेली नक्षी संगणकाला ठाऊक असली की पुरे. आपल्या चार खिडक्यांचे उदाहरण या संगणकीय भूतचित्रणाचेच आहे. मात्र यात जोडीची टोकने नसल्यामुळे काळोखी टिकांचा बंदोबस्त दुसऱ्या मार्गाने करावा लागतो.

वाण्याच्या तराजूची युक्ती

समजा, एका तराजूत प्रत्येक वजनाला १० ग्रॅमची चूक होते. कांदे, बटाटे आणि लसूण यांच्या तीन पुड्या आहेत आणि वजन तीनदाच करायचे आहे. एकेक पुडी वजन केली, तर प्रत्येकीत १० ग्रॅमची चूक. त्याऐवजी दोन-दोन पुड्या एकत्र वजन करा: कांदे-बटाटे, बटाटे-लसूण, कांदे-लसूण. पहिले आणि तिसरे वजन मिळवून दुसरे वजा करा आणि निम्मे करा. कांद्यांचे वजन मिळेल. तीन स्वतंत्र चुका वर्गांच्या बेरजेने मिळतात: √३०० म्हणजे १७.३. निम्मे केल्यावर ८.७ ग्रॅम. तितक्याच वेळा वजन करून चूक कमी झाली!

पुड्या वाढल्या, की फायदाही वाढतो. योग्य गट केले, तर ६३ पुड्यांना चूक सुमारे एकचतुर्थांश होते आणि २५५ पुड्यांना सुमारे एकअष्टमांश. हे गट कसे करायचे, ते फ्रेंच गणिती हादामार यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सारणीवरून ठरवतात. भूतचित्रणात पुडीच्या जागी खिडकी आणि तराजूच्या चुकीच्या जागी काळोखी टिकांची चढउतार ठेवा. आंधळेपणाने कोणत्याही नक्ष्या टाकण्यापेक्षा हादामारच्या नक्ष्या टाकल्याने चित्र स्वच्छ होते ते यामुळेच.

परंतु येथे सावध राहायला हवे. तराजूची चूक वजनावर अवलंबून नव्हती. फोटॉनांची चढउतार मात्र त्यांच्या संख्येवर अवलंबून असते. काळोखी टिका अगदी नगण्य आहेत आणि प्रत्येक खिडकीतून १०० फोटॉन येतात असे धरा. एकेक खिडकी मोजली, तर चूक √१००, म्हणजे १०. दोन-दोन मोजल्या, तर प्रत्येक मोजणी २०० आणि वर्गमूळ १४.१. तीन मोजण्यांची चूक √६००, म्हणजे २४.५, तिचे निम्मे १२.२. युक्तीने फायदा होण्याऐवजी तोटा झाला! तेव्हा चित्र सुधारण्याआधी विचारायचे, की गोंगाट कोठून येतो आहे, साधनातून की खुद्द प्रकाशातून? उत्तराप्रमाणे उपाय बदलतो. औषधाआधी निदान, हा नियम वैद्यांइतकाच प्रयोगशाळेलाही लागू आहे.

पूर्वज्ञानाची भर

शेवटची युक्ती सर्वांत प्रभावी आणि सर्वांत धोक्याची. जगातली बहुतेक चित्रे म्हणजे ठिपक्यांचा गोंधळ नसतो. शेजारचे ठिपके बहुधा सारखेच असतात. आकाशाशेजारी आकाश, पानाशेजारी पान. हे आधी ठाऊक असल्याने संगणकाला सांगता येते, की मोजलेल्या आकड्यांशी जुळणाऱ्या सर्व चित्रांतून सर्वांत सुबक चित्र निवड. २०१५ साली ग्लासगो विद्यापीठातल्या पॅजेट यांच्या गटाने जुळे फोटॉन आणि हा उपाय एकत्र वापरून गांधीलमाशीच्या पंखाचे चित्र मिळवले. त्यात चित्राच्या प्रत्येक ठिपक्यामागे सरासरी एकाहूनही कमी फोटॉन टिपला होता! कॅमेऱ्याला 'आता टिप' असा निरोप बादलीकडून पोचेपर्यंत जुळ्या फोटॉनाला थोपवून धरावे लागे; त्यासाठी त्याला वीस मीटरांहून अधिक लांब वाटेने फिरवून आणले होते.

धोका कोणता? संगणक 'सुबक' करताना एखादा खराच ठिपका गोंगाट समजून पुसू शकतो. पंखाच्या चित्रात एक शीर पुसट झाली तर फारसे बिघडत नाही. पण छातीच्या चित्रातला बारीकसा डाग पुसला गेला तर? म्हणून अशा चित्राबरोबर किती फोटॉन मोजले आणि कोणते गृहीत धरले, हे सांगणे शास्त्रज्ञाचे कर्तव्य ठरते. डोळ्यांना सुंदर दिसणारे चित्र खरे असेलच असे नाही.

एवढा खटाटोप कशासाठी?

भरपूर प्रकाश टाकला की झाले, असे तुम्ही म्हणाल. पण काही वस्तूंना प्रकाश सोसत नाही. जिवंत पेशी तीव्र प्रकाशाने मरतात. क्ष-किरणांची मात्रा रोग्याच्या शरीरात जितकी कमी जाईल तितकी बरी. म्हणूनच २०१६ पासून क्ष-किरणांच्या भूतचित्रणाचे प्रयोग प्रसिद्ध होत आले आहेत. ते अजून प्रयोगशाळेतच आहेत आणि मात्रा खरोखर किती वाचेल, हे वर सांगितलेल्या गोंगाटाच्या हिशेबावरच ठरणार आहे. दुसरा उपयोग अवरक्त प्रकाशाचा. त्या प्रकाशात काम करणारे चांगले कॅमेरे महाग असतात. २०१५ साली ग्लासगोच्याच एका प्रयोगात वस्तूवर १,५५० नॅनोमीटरचा अवरक्त फोटॉन पाठवला आणि चित्र टिपले ते त्याच्या ४६० नॅनोमीटरच्या निळ्या जुळ्याने. वस्तूने निळा प्रकाश पाहिला नाही आणि कॅमेऱ्याने अवरक्त पाहिला नाही!

आपल्या देशात २०२३ साली राष्ट्रीय क्वांटम अभियानाला मंजुरी मिळाली. त्यातील संवेदन आणि मापन या विषयाचे केंद्र पवईच्या आय.आय.टी.त आहे. बोईसर-पालघरच्या मुलामुलींना ते रेल्वेने दोन-तीन तासांच्या वाटेवर आहे. आज नववी-दहावीत असलेल्यांपैकी कोणी तेथे गेले, तर पहिल्याच दिवशी वर्गमूळाची गाठ पडेल. म्हणून ते आताच नीट समजून ठेवलेले बरे.

करून पाहा

१. वरच्यासारख्याच चार खिडक्या आहेत. या वेळी उघड्या खिडकीतून सरासरी १० फोटॉन येतात आणि त्यांत चढउतार आहे. बादलीचे आकडे असे: १-२ ला १९, १-३ ला ११, १-४ ला २२, २-३ ला ९, २-४ ला १८, ३-४ ला ११. कोणती खिडकी बंद आहे?

२. जोडीच्या उदाहरणातले दोन्ही शोधक थंड केल्यावर काळोखी टिका सेकंदाला १०० झाल्या. अवधी ५ नॅनोसेकंदच आहे. खोटी जोडी सरासरी किती वेळाने एकदा जुळेल?

३. फोटॉनाची ऊर्जा तरंगलांबीच्या व्यस्त प्रमाणात असते. १,५५० आणि ४६० नॅनोमीटरचे जुळे ज्या फोटॉनापासून जन्मले, त्याची तरंगलांबी काढा. तो डोळ्यांना दिसेल का?

उत्तरे: (१) सरासरी १५. चार बेरजा अनुक्रमे +७, +१, −१४, +६. तिसरी बंद आहे. दुसऱ्या खिडकीची बेरीज लहान आली, ती चढउतारीमुळे. चढउतार नसती, तर उघड्या खिडकीला +५ आणि बंद खिडकीला −१५ मिळाले असते. या बेरजांतली चूक सुमारे ५ असल्याने दुसरी खिडकी उघडीच ठरते. (२) दर सेकंदाला ०.००००५, म्हणजे सुमारे २०,००० सेकंदांनी, साडेपाच तासांत एकदा. (३) १/१,५५० + १/४६० = १/३५५, म्हणजे सुमारे ३५५ नॅनोमीटर. हा प्रकाश जंबुपार असल्याने दिसणार नाही.